एसी-हीटरच्या पॅनेलची दुरुस्ती : कामाच्या नोंदी

५ जानेवारी, रविवार

गेले दोन महिने येऊन-जाऊन असणारा बिघाड आज पहिल्यांदा शिस्तीने लिहून काढला. गाडी अकरा वर्षांची आहे. डॅशबोर्डच्या मध्यभागी, म्युझिक सिस्टिमच्या खाली, एसी-हीटरचे पॅनेल आहे. त्यावर तीन नॉब आहेत : डावा ब्लोअरच्या, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, वेगाचा, मधला हवेच्या दिशेचा आणि उजवा तापमानाचा. त्यांच्या खाली एसीचे, आतलीच हवा फिरवण्याचे आणि मागची काच तापवण्याचे अशी तीन बटणे आहेत.

लक्षणे अशी आहेत. तापमानाचा नॉब पूर्ण उष्ण बाजूला फिरवला तरी कधी कधी गार हवाच येत राहते, आणि काही मिनिटांनी, काहीही न करता, एकदम गरम हवा सुरू होते. पॅनेलवरचे दिवे अधूनमधून क्षणभर विझतात, विशेषतः रस्त्यावर खड्डा लागला की. दिवे विझून पुन्हा लागले की डॅशबोर्डच्या आतून, डाव्या बाजूने खालून, टक्-टक् असा आवाज दहा-पंधरा सेकंद येतो आणि थांबतो. ब्लोअर मात्र पॅनेल जिवंत असताना सर्व वेगांवर नीट चालतो. ही शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटली, कारण ब्लोअर फक्त सर्वांत वरच्या वेगावर चालत असता तर संशय सरळ रेझिस्टरवर, म्हणजे पंख्याचा वेग कमी ठेवणाऱ्या रोधकावर, गेला असता. सर्वांत वरच्या वेगाला विजेचा प्रवाह रेझिस्टरमधून जातच नाही, त्यामुळे तो जळला तरी तेवढा एक वेग शाबूत राहतो. इथे तसे काही दिसत नाही.

हा बिघाड केवळ गैरसोयीचा असता तर मी तो आणखी काही महिने चालू दिला असता. परंतु गेल्या आठवड्यात पहाटे गाडी चालवताना समोरच्या काचेवर आतून धुके धरले आणि नेमक्या त्या वेळी पॅनेल विझले. काच पुसण्यासाठी गाडी कडेला घ्यावी लागली. समोरचे दिसत नसताना गाडी चालवणे म्हणजे स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे आहे, म्हणून हे काम आता पुढे ढकलायचे नाही असे ठरवले.

आज केलेली तपासणी थोडीच आहे. फ्यूज काढून पाहिले, ते ठीक आहेत, आणि त्यांच्या पायांवर गंज नाही. इंजिन बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १४.१. म्हणजे बॅटरी आणि तिला चार्ज करणारा अल्टरनेटर यांच्यावर दोष ठेवता येत नाही. नवे पॅनेल किंवा नवी मोटर मागवण्याचा मोह होतो आहे, पण अजून एकही गोष्ट सिद्ध झालेली नाही. मोजमापाने दोष एका जागी दाखवता येईपर्यंत कोणताही सुटा भाग मागवायचा नाही, हा या कामाचा नियम ठेवतो.

६ जानेवारी, सोमवार

आज गाडीला हात लावला नाही. दुरुस्ती-पुस्तिकेतील वायरिंगची आकृती घेऊन बसलो आणि आपण नेमके काय उघडणार आहोत हे समजून घेतले.

डॅशबोर्डच्या मागे प्लास्टिकची एक मोठी पेटी असते. ब्लोअर तिच्यात हवा ढकलतो. ही हवा प्रथम एसीच्या कूलिंग कॉइलमधून जाते आणि तिथे गार होते; एवढेच नाही, तर तिच्यातील बाष्प कॉइलवर पाणी होऊन साचते आणि नळीवाटे गाडीखाली गळते. त्यापुढे हीटरचा छोटा रेडिएटर असतो, ज्यातून इंजिनचे सुमारे ९० अंश सेल्सिअसचे कुलंट, म्हणजे इंजिनची उष्णता वाहून नेणारे द्रव, फिरत असते. या दोहोंच्या मध्ये एक झडप असते. ती किती उघडते त्यावर किती हवा हीटरमधून जाईल आणि किती त्याला वळसा घालून जाईल हे ठरते. म्हणजे तापमानाचा नॉब काहीही तापवत नाही किंवा थंड करत नाही. तो फक्त या मिश्रण-झडपेला कुठे उभे राहायचे ते सांगतो. काचेवरचे धुके घालवण्यासाठी एसी आणि हीटर एकत्र का चालवावे लागतात, तेही यातून स्पष्ट होते. हवा आधी कोरडी व्हावी लागते आणि मग गरम, आणि हे दोन्ही त्याच एका पेटीत, एकापाठोपाठ एक घडते. झडप अडकली तर कोरडी हवा मिळेल, पण ती गरम मिळणार नाही.

जुन्या गाड्यांत ही झडप तारेने ओढली जात असे. माझ्या गाडीत तिला एक छोटी मोटर जोडलेली आहे. मोटरच्या डबीत गिअरची साखळी आणि एक पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवू तसा बदलणारा रोधक, असतो. एकूण पाच तारा : दोन मोटर उलट-सुलट फिरवण्यासाठी, आणि तीन पोटेन्शिओमीटरच्या, म्हणजे ५ व्होल्ट, अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणारी तार) आणि झडप कुठे आहे ते कळवणारा स्थिती-संकेत. झडप एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाते तसा हा संकेत साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत बदलतो. नॉबने मागितलेली जागा आणि संकेताने कळवलेली जागा यांची तुलना पॅनेल करत राहते आणि दोन्ही जुळल्या की मोटर थांबवते.

पुस्तिकेतील एका परिच्छेदावर मी बराच वेळ थांबलो. बॅटरी काढून पुन्हा लावल्यानंतर पॅनेल प्रत्येक झडपेला दोन्ही टोकांपर्यंत नेऊन तिच्या मर्यादा नव्याने शिकते, आणि या काळात नॉबना हात लावू नये, असे त्यात म्हटले आहे. पॅनेलचा वीजपुरवठा खड्ड्यागणिक तुटत असेल तर ते दर वेळी हा शिकण्याचा फेरा नव्याने करत असेल काय? तसे असेल तर टक्-टक् आवाज हा स्वतंत्र बिघाड नसून पहिल्या बिघाडाचा परिणाम असू शकतो. हे अद्याप अनुमान आहे. तपासायच्या यादीत वरच्या क्रमांकावर घेतले.

जाता जाता एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती वाचल्यापासून या पॅनेलकडे मी आदराने पाहू लागलो आहे. पॅकार्ड या अमेरिकी मोटार-कंपनीने १९४० च्या मॉडेलांसाठी कारखान्यात बसवलेला एसी दिला, तेव्हा एसीच्या कॉम्प्रेसरला इंजिनपासून सोडवणारा क्लच नव्हता. थंडावा पूर्ण बंद करायचा तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून, पट्टा उतरवावा लागे. ठरवून दिलेले तापमान आपोआप राखणारी यंत्रणा कॅडिलॅकने १९६४ च्या मॉडेलांत आणली. आज आपण न बघता जो नॉब फिरवतो, त्याच्यामागे एवढी वाटचाल आहे.

संध्याकाळी बिघाड-कोड वाचणारे उपकरण जोडले. दोन नोंदी सापडल्या : एक, मिश्रण-झडप अपेक्षित वेळेत मागितलेल्या जागी पोहोचली नाही, दुसरी, पॅनेलचा पुरवठा खंडित झाला. दुसरी नोंद अनेक वेळा झालेली आहे.

११ जानेवारी, शनिवार

पॅनेल काढण्याचा दिवस. प्रत्यक्ष कामाला साडेतीन तास लागले, आणि त्यातला मोठा वेळ स्क्रू शोधण्यात गेला.

सर्वप्रथम म्युझिक सिस्टिमचा सुरक्षा-कोड कागदावर लिहून घेतला, खिडक्या बंद केल्या आणि बॅटरीची ऋण तार सोडवून बाजूला बांधून ठेवली. त्यानंतर पंधरा मिनिटे थांबलो. एअरबॅगच्या नियंत्रकात वीज साठवणारा कपॅसिटर असतो आणि बॅटरी तोडल्यावरही त्यात काही काळ एअरबॅग उडवण्याइतकी ऊर्जा शिल्लक राहू शकते. पुस्तिकेत दिलेला वेळ याहून कमी आहे, परंतु या बाबतीत घाई करून काहीच मिळत नाही. पिवळ्या आवरणाची, म्हणजे एअरबॅगची, कोणतीही तार किंवा कनेक्टर सोडवायचा नाही, आणि त्यावर मल्टिमीटर (व्होल्ट आणि रोध मोजणारा मीटर) तर मुळीच लावायचा नाही, हेही मनाशी पक्के केले. मीटरचा रोध मोजण्याचा प्रवाह लहान असतो खरा, पण तो अशा ठिकाणी सोडून पाहण्याची ही वेळ नव्हे.

सकाळी थंडी होती. थंड प्लास्टिक ठिसूळ होते आणि क्लिपांच्या जिभा वाकण्याऐवजी तुटतात, म्हणून गाडी तासभर उन्हात उभी केली आणि आतले प्लास्टिक हाताला कोमट लागल्यावरच सुरुवात केली. कडांना कागदी चिकटपट्टी लावली. उचकटण्यासाठी नायलॉनच्या चपट्या पट्ट्या वापरल्या. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने एकदा उमटलेला ओरखडा पुन्हा जात नाही.

क्रम असा ठरला. गिअर लिव्हरच्या भोवतीची चौकट मागच्या कडेपासून वर उचलली, ती चार क्लिपांवर होती. तिच्याखाली दोन स्क्रू दिसले, ते काढले. मग हवेच्या मधल्या जाळ्यांची चौकट वरच्या बाजूने सैल केली. तिच्या मागे हझार्ड दिव्यांच्या बटणाचा कनेक्टर आहे, तो सोडवल्याशिवाय चौकट ओढली तर तार ताणली जाते. त्यानंतर म्युझिक सिस्टिमचे चार स्क्रू, आणि ती बाहेर आल्यावर एसी-हीटरच्या पॅनेलचे वरचे दोन स्क्रू समोर आले. खालचे दोन गिअर लिव्हरच्या बाजूने आधीच मोकळे झाले होते.

इथे माझ्याकडून चूक झाली. चारही स्क्रू निघाल्यावर पॅनेल सुटायला हवे होते. उजवी बाजू पुढे आली, डावी आली नाही. क्लिप घट्ट असेल असे समजून मी जोर लावला आणि बारीक कट् असा आवाज ऐकू आला. तेव्हा थांबलो. टॉर्चच्या उजेडात पाहिल्यावर कळले की खालच्या छोट्या खणाच्या तळाशी असलेल्या रबरी चटईखाली पाचवा स्क्रू आहे. पॅनेलच्या डाव्या कोपऱ्यातील प्लास्टिकचा कान मुळाशी चिरला होता. स्क्रू काढल्यावर पॅनेल दोन बोटांनी बाहेर आले. पुस्तिकेच्या आकृतीत हा स्क्रू दाखवलेला होता. मी ती आकृती सोमवारी पाहिली आणि शनिवारी गाडीत बसताना बरोबर घेतली नाही.

पॅनेलच्या मागे दोन कनेक्टर आहेत, एक मोठा आणि एक लहान. दोघांचे फोटो काढले. मोठ्या कनेक्टरची जीभ अंगठ्याने पूर्ण दाबून, प्लास्टिकचे अंग धरून तो काढला. तारांना धरून ओढले नाही.

स्क्रूंसाठी पुठ्ठ्यावर डॅशबोर्डचे ढोबळ चित्र काढले होते आणि प्रत्येक स्क्रू निघेल तसा त्याच्या जागी पुठ्ठ्यात खुपसला. सगळे स्क्रू दिसायला सारखे असले तरी दोन थोडे लांब आहेत, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर मागची तार किंवा हवेची नळी भोसकू शकतो. पुठ्ठ्यामुळे ही काळजी उरली नाही. दोन क्लिपा चौकटीवर न राहता डॅशबोर्डच्या खाचेत अडकून राहिल्या होत्या; त्या पकडीने काढून परत चौकटीवर बसवल्या, नाहीतर जोडताना त्या आत ढकलल्या जातात आणि कायमच्या खडखडतात.

१२ जानेवारी, रविवार

आज मोजमाप. पॅनेल पुन्हा दोन्ही कनेक्टरांना जोडले, पण डॅशबोर्डमध्ये न बसवता मऊ कापडावर मोकळे ठेवले. एअरबॅगच्या एकाही कनेक्टरला हात लावलेला नाही याची खात्री करून बॅटरी जोडली आणि किल्ली फिरवली. मुलगी शेजारच्या आसनावर मीटरकडे पाहत बसली आणि आकडे वाचत राहिली, त्यामुळे माझे दोन्ही हात मोकळे राहिले.

मोठ्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने, तारेच्या कडेने, बारीक टोकाची सळई आत सरकवून मोजले. कायमचा पुरवठा १२.४ व्होल्ट, किल्लीचा पुरवठा १२.३. अर्थची तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामधील फरक, ब्लोअर तिसऱ्या वेगावर चालू असताना, ०.०३ व्होल्ट. इथे एक-दशांश व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला असता तर अर्थच्या जोडावर संशय घेतला असता. तार हलवली, मुरगळली, ओढून पाहिली. आकडे ढळले नाहीत.

मग पॅनेलच्या पाठीवर, मोठा कनेक्टर जिथे बसतो तिथे, बोटाने हलका दाब दिला. दिवे विझले. दाब सोडला, दिवे लागले, आणि लगेच डॅशबोर्डच्या आतून टक्-टक् सुरू झाली. पुन्हा केले, पुन्हा तेच. महत्त्वाचे हे की दिवे विझलेले असतानाही मुलगी मीटरवर १२.३ वाचत होती. वीज कनेक्टरपर्यंत पोहोचते आहे आणि पॅनेलच्या आत हरवते आहे. दोन महिन्यांचा संशय एका आकड्याने एका हाताएवढ्या वस्तूपुरता मर्यादित झाला.

बॅटरी पुन्हा तोडली आणि पॅनेल टेबलावर घेतले. नॉब सरळ बाहेर ओढून काढले, मागचे सहा छोटे स्क्रू काढले आणि सर्किट बोर्ड हातात घेण्याआधी नळाच्या लोखंडी पाइपला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवली.

दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून कनेक्टरच्या पिनांच्या मुळाशी पाहिले. दोन पिनांभोवती, सोल्डरच्या (पिना बोर्डाला जोडणाऱ्या वितळवलेल्या धातूच्या) टेकडीत, केसाएवढी बारीक काळी रेघ गोलाकार गेलेली होती. बोर्ड तिरका धरून एका बाजूने प्रकाश टाकल्यावरच ती दिसते; समोरून पाहताना ते जोड चकचकीत आणि निर्दोष वाटतात. आकृतीशी ताडून पाहिल्यावर या दोन पिना किल्लीच्या पुरवठ्याची आणि अर्थची आहेत असे कळले. अशा भेगा पडण्याचे कारण समजण्यासारखे आहे. जड तारांचा गुच्छ कनेक्टरला लोंबत असतो आणि त्याचा प्रत्येक हेलकावा पिनेच्या मुळाला सोसावा लागतो. त्यात भर म्हणून बोर्ड रोज तापतो आणि गार होतो, आणि तांबे, बोर्ड व सोल्डर हे तिघे वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. अकरा वर्षांनी जोड थकतो.

तापमानाच्या नॉबखालील पोटेन्शिओमीटरही तपासला. दोन टोकांमध्ये ९.८ किलोओहम मिळाले. मधल्या पायावर मीटर ठेवून नॉब हळूहळू फिरवला तेव्हा आकडा कुठेही उडी न मारता सरळ चढला. हा भाग निर्दोष आहे. त्यावर साफसफाईचा फवारा मारण्याचे टाळले, कारण चांगल्या चालणाऱ्या कार्बन-पट्टीवर काहीही ओतण्याचे कारण नाही.

१३ जानेवारी, सोमवार

सोल्डरिंगचे काम संध्याकाळी केले. भेगेवरून नुसता तापलेला कावीया (सोल्डर वितळवण्याचे हत्यार) फिरवला तर जोड काही दिवस टिकतो आणि पुन्हा फुटतो, म्हणून जुने सोल्डर तांब्याच्या जाळीदार वातीने पूर्ण शोषून घेतले, पिना उघड्या केल्या, सोल्डर नीट धरावे म्हणून फ्लक्स लावला आणि नवे सोल्डर भरले. कारखान्यातील सोल्डर बहुधा शिसेविरहित असावे. ते सुमारे २१७ अंशांना वितळते, तर माझ्याकडील ६३-३७ प्रमाणातील कथिल-शिशाचे १८३ अंशांना. दोन्हींची भेसळ होऊ नये हेही जुने पूर्ण काढण्याचे एक कारण होते. अर्थची पिन तांब्याच्या रुंद पट्ट्याला जोडलेली असल्यामुळे उष्णता तिथून पळून जाते. तिच्यासाठी कावीयाचे रुंद टोक घेऊन थोडा जास्त वेळ धरावे लागले. भेग दोनच पिनांना दिसत असली तरी कनेक्टरच्या सर्व पिना नव्याने भरल्या, कारण वय आणि ताण सगळ्यांनी सारखाच सोसला आहे. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स धुऊन काढला आणि भिंगातून पुन्हा प्रत्येक जोड पाहिला.

बोर्ड उघडा होताच, तेव्हा पॅनेलच्या मागचे दोन मंद झालेले १.२ वॅटचे दिवेही बदलले. चिरलेल्या कानाला दोन भागांचे इपॉक्सी लावून, आतल्या बाजूने काचतंतूची छोटी पट्टी चिकटवून, रात्रभर दाबून ठेवले.

१४ जानेवारी, मंगळवार

पॅनेल मोकळे ठेवूनच चाचणी घेतली. पाठीवर दाबले, बाजूंनी ठोकले, तारांचा गुच्छ हलवला. दिवे स्थिर आहेत.

परंतु बॅटरी जोडल्यानंतर पॅनेलने झडपांच्या मर्यादा शिकायला सुरुवात केली तेव्हा टक्-टक् आवाज आला, आणि गरम टोकाजवळ झडप थांबली नाही. पायाजवळचे खालचे आवरण काढून, मुलीला नॉब फिरवायला सांगून, मी आवाजाच्या जागी हात ठेवला. मिश्रण-झडपेच्या मोटरची डबी हाताखाली स्पष्ट ठोके देत होती. स्थिती-संकेत मोजला : गार टोकाला ०.६ व्होल्ट, आणि नॉब गरम टोकाकडे नेला की २.९ पर्यंत सरळ चढतो, तिथे थबकून २.७ आणि २.९ यांच्यामध्ये मागे-पुढे होत राहतो. म्हणजे पोटेन्शिओमीटर आणि तारा चालू आहेत, पण गिअर दात सोडतो आहे.

दोन बिघाड आहेत, आणि आता त्यांचा संबंधही मला दिसतो. पुरवठा तुटला की पॅनेल सगळे विसरते. परत आला की मोटरला टोकांवर नेऊन दाबून पाहते. जी क्रिया गाडीच्या आयुष्यात मोजक्या वेळा व्हावी, ती दोन महिने प्रत्येक खड्ड्यानंतर होत होती. प्लास्टिकचा गिअर त्यात झिजला असे मी मानतो. आवाज ऐकून पहिल्याच दिवशी फक्त मोटर बदलली असती तर नव्या मोटरचीही हीच गत झाली असती. मोजमापाचा नियम पूर्ण झाला, तेव्हा आज मोटर मागवली.

१८ जानेवारी, शनिवार

मोटर आली. जुन्या मोटरशी अंगावरचा भाग-क्रमांक, कनेक्टर आणि दांड्याचा आकार जुळवून घेतला. हे काम चालकाच्या पायांपाशी पाठीवर झोपून करावे लागते आणि तीन स्क्रूंपैकी एक केवळ स्पर्शाने सापडतो; त्यासाठी चुंबकी टोकाचा आखूड स्क्रू ड्रायव्हर लागला.

मोटर निघाल्यावर नवी लगेच बसवली नाही. झडपेचा दांडा बोटांनी फिरवून पाहिला. ती दोन्ही टोकांपर्यंत सहज गेली आणि टोकाला लागल्याचा मऊ, भरीव आवाज आला. ही तपासणी चुकवू नये असे मी आग्रहाने लिहितो, कारण झडप स्वतःच अडकली असेल किंवा तिचा दांडा तुटला असेल, तर नवी मोटर पहिल्या फेऱ्यातच दात गमावेल, आणि मग मात्र हवेची पेटी उघडण्याचे फार मोठे काम उभे राहील.

जुनी डबी टेबलावर उघडली. शेवटच्या मोठ्या गिअरचे तीन दात मुळापासून गेले होते आणि त्यांचे पांढरे तुकडे वंगणात रुतून बसले होते. बाकीचे गिअर नव्यासारखे होते. पोटेन्शिओमीटरची पट्टीही स्वच्छ होती.

नव्या मोटरचा दांडा आणि झडपेची खाच एकाच कोनात येईपर्यंत झडप हाताने फिरवली आणि मगच मोटर आत ढकलली. मोटर जोर लावून फिरवायची नसते.

१९ जानेवारी, रविवार

जोडणी उलट्या क्रमाने झाली आणि तिला तासापेक्षा कमी वेळ लागला. प्रत्येक कनेक्टर बसल्याचा टक् आवाज ऐकला आणि हलके ओढून खात्री केली. मोठ्या कनेक्टरचा तारांचा गुच्छ मागच्या लोखंडी पट्टीला बांधपट्टीने बांधला, जेणेकरून त्याचे वजन पिनांवर लोंबणार नाही; कारखान्याच्या बांधणीत ही पट्टी नव्हती. स्क्रू हाताने उलट दिशेला अर्धा वेढा फिरवून जुने आटे सापडल्यावरच आवळले, म्हणजे प्लास्टिकमध्ये नवे आटे पडत नाहीत. पाचवा स्क्रू सर्वांत आधी लावला.

बॅटरी जोडून किल्ली फिरवली आणि पॅनेल झडपांच्या मर्यादा शिकत असताना कोणीही नॉबला हात लावला नाही. या वेळी आतून फक्त मोटरचा बारीक घूं असा सूर आला. त्यानंतर खिडक्यांचे आपोआप वर जाणे पुन्हा शिकवले, घड्याळ लावले आणि जुने बिघाड-कोड पुसले. एअरबॅगचा इशारा-दिवा नेहमीप्रमाणे लागून विझला.

इंजिन पूर्ण तापल्यावर हवेच्या जाळीत तापमापक धरून आकडे घेतले. बाहेर १४ अंश होते. एसी बंद, नॉब गार टोकाला : १५. नॉब मध्यावर : ३४. नॉब गरम टोकाला : ५६. एसी चालू, नॉब गार टोकाला : ६. नॉब जसजसा फिरवावा तसतसे तापमान मध्ये न थांबता बदलते, आणि नॉब ठेवावा तिथे ते टिकते. एसीची गॅसवाहिनी आणि हीटरच्या कुलंटच्या नळ्या या सगळ्या कामात कुठेही उघडाव्या लागल्या नाहीत.

२ फेब्रुवारी, रविवार

डाव्या कोपऱ्यातून, इपॉक्सी लावलेल्या कानाजवळ, खडबडीत रस्त्यावर किंचित करकर येऊ लागली होती. चौकट तेवढ्या भागात सैल करून कडेला पातळ फेल्टची पट्टी लावली. आवाज गेला. कान शाबूत आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

जोडणीला तीन आठवडे झाले. बिघाड-कोड वाचले; एकही नवी नोंद नाही. या काळात पॅनेल एकदाही विझले नाही. आज पहाटे काचेवर आतून दाट धुके होते. हवा काचेवर, एसी चालू, नॉब गरम टोकाला आणि ब्लोअर तिसऱ्या वेगावर ठेवला. इंजिन आदल्या फेरीमुळे कोमट होते. सुमारे दोन मिनिटांत खालच्या कडेपासून काच स्वच्छ होत वर गेली आणि मी गाडी जागेवरून हलवली.